आधी कबुली, मग वीज

१

हेडसर दुपारी मेले, आणि त्यांच्या मरणाचं खापर तीन वाजायच्या आत टेस्टरच्या डोक्यावर फुटलं.

टेस्टर म्हणजे गल्लीतला वायरमन. लोक खिशाला पेन लावतात तिथे हा टेस्टर लावायचा, म्हणून गल्लीनं त्याचं बारसं पुन्हा केलं. तीस वर्षं या धंद्यात होता. त्याला दोन खोडी होत्या. जॉइंट आवळून झाल्याशिवाय तो शिडीवरून उतरत नसे, आणि एखादी गोष्ट अर्धवट कळली की त्याला घास गिळवत नसे. पहिल्या खोडीनं त्याचं नाव झालं. दुसरीनं बायकोच्या डोक्याला ताप झाला.

हेडसरांच्या दारात फौजदारबाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "लायसन्स."

टेस्टरनं लायसन्स दिलं. बाईंनी ते न वाचताच खिशात घातलं.

"सहा आठवड्यांपूर्वी इथं ऑक्सिजनच्या मशीनला वेगळी लाइन तुम्हीच दिली?"

"मीच दिली, मॅडम. वेगळा ब्रेकर, वेगळं सॉकेट. सगळं घर अंधारात गेलं तरी मशीन थांबणार नाही."

"थांबलं," हेडसरांचे चिरंजीव मागून ओरडले. चिरंजीवांनी पन्नाशी ओलांडली होती, पण वडिलांच्या घरात वय वाढायची परवानगी कुणालाच नव्हती. "थांबलं आणि बाबा गेले! लेखी दिलं होतंस तू! सुट्टा जॉइंट ठेवलास आणि माणूस मारलास!"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की, सव्वा ते दोनच्या दरम्यान प्राणवायूवाचून जीव गेला. मशीन बंद होतं. अंथरुणाला खिळलेला माणूस, नाकाला नळी, उशाशी मुकं मशीन. भाड्याचं जुनं मशीन होतं, वीज गेल्यावर शिटी मारायची त्याची सोय केव्हाच मोडली होती.

"पंचनाम्याची माणसं यायला तास आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "तुमचा दोष नसेल तर तासाभरात दाखवा. असेल तर लायसन्स विसरा आणि घरी निरोप पाठवा."

लायसन्स गेलं तर या वयात दुसऱ्याच्या हाताखाली भिंती फोडायच्या. आणि खुनी वायरमन म्हणून नाव होईल ते वेगळंच. तो मुकाट्यानं बोर्डापाशी गेला, झाकण उघडलं, आणि बघतच राहिला.

'मशीन' लिहिलेला ब्रेकर वर होता. पडलाच नव्हता.

पडला होता तो शेजारचा, 'घर' लिहिलेला.

२

'घर'चा खटका मध्येच लटकत होता. हातानं बंद केला असता तर तो पार खाली गेला असता. मध्ये लटकला म्हणजे लोड जास्त होऊन आपला आपण पडला होता.

"इतका वेळ झाला," टेस्टर म्हणाला. "चढवला का नाही कुणी?"

चिरंजीव छताकडे बघू लागले. उत्तर सूनबाईंनी दिलं, पदराच्या टोकाशी चाळा करत.

"मामंजींचा नियम आहे. ज्याच्या हातून ब्रेकर पडला, त्यानं आधी त्यांच्या पलंगासमोर उभं राहायचं. चूक कबूल करायची. मग वहीत शंभर वेळा लिहायचं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे घर अंधारात गेले.' ते वही तपासतात आणि मग वीज. मध्ये कुणी चढवला तर त्याला दोनशे वेळा."

"तुम्हालाही?"

"सगळ्यांना. यांनी मागच्या महिन्यात चार वेळा लिहिलं."

चिरंजीवांनी बायकोकडे असं पाहिलं की नजरेत वीज असती तर उरलेले ब्रेकरही पडले असते.

टेस्टर हेडसरांच्या खोलीत गेला. दुपारची वेळ, पण पडदे जाड आणि काळे, कारण हेडसरांच्या डोळ्यांना उजेड सोसत नसे. आता ते बाजूला ओढलेले होते. पलंगावर चादर होती आणि चादरीखाली हेडसर. मशीनची जाड पिन टेस्टरनं दिलेल्या सॉकेटमध्येच होती. त्यानं टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला, म्हणजे करंट होता. मग मशीनकडे पाहिलं. त्याचं बटण 'बंद'वर होतं. त्यानं ते दाबलं आणि मशीन गुणगुणायला लागलं.

"बघा!" चिरंजीव म्हणाले. "आता चालतंय! सुट्टा जॉइंट असाच असतो, कधी लागतो, कधी सुटतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर चिरंजीव चोर आहेत याला पुरावा नव्हता. टेस्टरनं सॉकेट खोललं. जॉइंट असे आवळलेले होते की उपटायला पक्कड लागली असती. पण आवळलेल्या जॉइंटची साक्ष फौजदार ऐकत नसतो. माणसांना विचारायला हवं होतं.

३

पहिल्यांदा सूनबाई बोलल्या.

"मी इस्त्री करत होते. एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. मला वाटलं, माझ्या इस्त्रीनंच पडला. हातपाय गारठले माझे. जाऊन उभं राहावं की नको, असा विचार करत बसले. तेवढ्यात घंटा सुरू झाली."

"कसली घंटा?"

"मामंजींची. बटण उशाशीच असतं ना. कुणाचं काही चुकलं की ते घंटा वाजवायचे. म्हणजे गुन्हेगारानं हजर व्हा. वाजत राहिली, वाजत राहिली. वीस मिनिटं तरी. मग थांबली." त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? थांबली तेव्हा बरं वाटलं हो."

"मग?"

"अडीचला मामंजींना सांभाळणारी सिस्टर जेवून परत आली. ती किंचाळली, 'सर गेले, सर गेले' करत समोरच्या डॉक्टरांकडे पळाली. मी खोलीत गेले तेव्हा ताई आधीच आत होत्या. पायथ्याशी उभ्या."

चिरंजीवांची तऱ्हा वेगळी नव्हती. ते पाणी उकळायला किटली लावायला गेले, बटण दाबलं आणि अंधार. त्यांनाही वाटलं, आपणच पाडला. किटली कपाटात लपवली आणि आपल्या खोलीत पलंगावर डोळे मिटून पडले. पन्नाशीच्या माणसानं किटली लपवावी, याचं टेस्टरला हसू आलं नाही.

"घंटा ऐकलीत?"

"बहिरा आहे का मी? पण कबूल कोण करणार? मी तर नाही. सिस्टर ओरडली तेव्हा गेलो. ही आणि ताई आतच होत्या. खोलीत काळोख. पडदे मीच ओढले, तेव्हा बाबांचा चेहरा दिसला."

ताई म्हणजे हेडसरांची मुलगी. बेचाळिशीची, अविवाहित. तिला बघायला आलेल्या प्रत्येक मुलाची हेडसरांनी तोंडी परीक्षा घेतली होती आणि सगळ्यांना नापास केलं होतं. ती हात मांडीत घेऊन बसली होती. आवाज इतका हळू की टेस्टरला वाकावं लागलं.

"मी माझ्या खोलीत होते, काका. घंटा ऐकली. वाटलं, वहिनी किंवा दादा जातील. सिस्टर ओरडली तेव्हा मी सगळ्यांच्या शेवटी गेले. दारातूनच पाहिलं."

राहिली सिस्टर. ती एक वाजता घरी गेली होती, म्हणून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ओसरीवर पिशवी आवरून बसली होती.

"काय सांगायचं? आले, दार लोटलं. उशाशी दिवा लख्ख चालू. त्या उजेडात चेहरा पाहिला, निळा पडलेला. मशीन गप्प. धावत सुटले."

टेस्टर निघायला वळला आणि तिथंच परत फिरला.

"दिवा चालू होता?"

"चालू होता म्हणजे होता. डोळे आहेत मला."

आत चिरंजीव सांगत होते की खोलीत काळोख होता. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं. की दोघंही खरं बोलत होते? टेस्टर व्हरांड्यात उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यात ती गोष्ट लख्ख पेटली जी त्या घरात कुणालाच सुचली नव्हती. सापाला सोडून सगळे भुई धोपटत होते.

घराची वीज गेल्यावर विजेची घंटा वीस मिनिटं वाजली कशी?

४

त्यानं सगळ्यांना खोलीत बोलावलं. फौजदारबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"हेडसरांची घंटा आणि वाचायचा दिवा एकाच लांब वायरच्या बोर्डावर आहेत," टेस्टर म्हणाला. "त्या बोर्डाची पिन आत्ता खिडकीखालच्या सॉकेटमध्ये आहे. ते सॉकेट घराच्या लाइनवर आहे. घर पडलं की दिवा मेला, घंटा मेली. तरी तुम्ही तिघांनी घंटा ऐकलीत आणि सिस्टरनं दिवा पाहिला. म्हणजे बोर्डाची पिन तेव्हा तिथं नव्हतीच. वीज होती अशी सगळ्या घरात एकच जागा होती. माझं सॉकेट."

"पण तिथं मशीन होतं," चिरंजीव म्हणाले.

"एका सॉकेटमध्ये एक पिन. मशीनची पिन जाड, ती या बोर्डावर बसत नाही. मग मशीन कुठे गेलं?" तो सिस्टरकडे वळला.

"खिडकीखाली," सिस्टर म्हणाली. "परवापासून तिथंच होतं."

"अहो, मग हे आधी सांगायचं नाही का?" फौजदारबाई ओरडल्या.

"कुणी विचारलं का मला? मशीन चालत होतं ना, मग ते कुठं लावलंय याच्याशी मला काय करायचंय! सरांचाच हुकूम होता. परवा सरांचे हे चिरंजीव चुकीची कबुली द्यायला आले, तेव्हा अंधारात सरांना यांचं तोंड दिसलं नाही. सर चिडले. म्हणाले, गुन्हेगाराचा चेहरा दिसलाच पाहिजे. दिवा आणि घंटा त्या न जाणाऱ्या लाइनवर लावा."

नेमकं काय झालं होतं, हे प्रत्येकाला आपापल्या गतीनं कळत होतं. ब्रेकर पडला, मशीन थांबलं, दिवा मात्र जळत राहिला. श्वास नसलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. त्याला बटण तेवढं दाबता येतं. हेडसर वीस मिनिटं मदत मागत होते, आणि घर वीस मिनिटं असं समजत होतं की ते गुन्हेगाराला बोलावताहेत. नियम त्यांचा, घंटा त्यांची, दिव्याचा हट्टही त्यांचाच. सूनबाईंनी तोंडात पदर कोंबला.

फौजदारबाईंनी वही मिटली. खिशातून लायसन्स काढून टेस्टरच्या हातावर ठेवलं.

"सुटलात. मशीन तुमच्या लाइनवर नव्हतंच. म्हातारा आपल्या हट्टानं मेला. अपघात म्हणून लिहिते. आपापल्या घरी जा."

टेस्टरनं लायसन्स खिशात घातलं. केवढं मोठं ओझं उतरलं होतं! त्यानं हत्यारांची पिशवी उचलली, दारापर्यंत गेला. ताई कोपऱ्यात उभी होती, खाली मान घालून. तिनं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला, तो त्याला ऐकू आला.

तिथंच त्याची दुसरी खोड उफाळली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

"थांबा, मॅडम," तो म्हणाला. "अजून एक राहिलं."

५

"पिन परत बदलल्या कुणी?"

फौजदारबाईंनी मिटलेली वही उघडली.

"सिस्टर आली तेव्हा दिवा चालू," टेस्टर बोलत सुटला. आता त्याला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "चिरंजीव आले तेव्हा काळोख. म्हणजे मधल्या दोन मिनिटांत कुणीतरी पिन जागच्या जागी लावल्या. मशीन माझ्या सॉकेटमध्ये येताच गुणगुणायला लागलं असणार. मेलेल्या माणसाशेजारी मशीन चालू दिसणं बरं नाही, म्हणून त्याच हातानं बटण बंद केलं. वीज जाते तेव्हा बटण आपलं आपण बंद होत नाही. मला ते बंद सापडलं."

"मी हात लावला नाही," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही नाहीच. सूनबाई आल्या तेव्हा आत ताई होत्या. चिरंजीव आले तेव्हा सूनबाई आणि ताई होत्या. आणि ताई सांगतात, त्या सगळ्यांच्या शेवटी आल्या." तो थांबला. "आणखी एक. नुसत्या इस्त्रीनं हा ब्रेकर पडत नाही. इस्त्री आणि किटलीनंही नाही, मी स्वतः लोड बघून बसवलाय. गिझर हवा. येताना मी न्हाणीघर पाहिलं. गिझरचं बटण अजून चालूच आहे. दुपारी एक वाजता अंघोळ कोण करतं?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं मात्र चादरीकडे पाहिलं. बोलायला जणू परवानगी मागत होती.

"परवा पिन बाबांनी माझ्याकडूनच बदलून घेतल्या," ती म्हणाली. "मी म्हणणार होते, की मग मशीनचं काय. पण त्यांना उलट बोललेलं चालत नाही. नंतर दोन दिवस माझ्या मनात तेच. आज वहिनीची इस्त्री चालू असल्याचं कळलं, सिस्टर गेली होती. मी गिझर लावला. आणि खोलीत जाऊन बसले."

"बापाला मारलंस," फौजदारबाई म्हणाल्या.

"मी गिझर लावला. पुढचं सगळं बाबांच्या नियमानं झालं." तिनं भावाकडे पाहिलं. "घंटा तुलाही ऐकू येत होती, दादा. तू उठला असतास तर ते वाचले असते. मी दर मिनिटाला म्हणत होते, आता कुणीतरी उठेल."

"म्हणजे? माझ्यावर ढकलतेस?" चिरंजीव किंचाळले. "मॅडम, आमचा काही संबंध नाही! आम्ही खोलीतून बाहेरही पडलो नाही!"

"तेच म्हणतेय ती," सिस्टर पुटपुटली.

सूनबाईंनी पदर तोंडातून काढला. "मला तर पहिल्यापासूनच संशय होता हो. गप्प माणसं अशीच असतात."

फौजदारबाईंनी ताईच्या दंडाला धरलं. दाराशी आल्यावर त्या थबकल्या. त्यांनाही आता एक गोष्ट सलत होती.

"एक सांग. पिन तशाच ठेवल्या असत्यास तर तुझं नावही निघालं नसतं. त्यांच्याच हुकमानं लावलेल्या होत्या. गिझरचं काय, कुणीही लावतं. परत बदलल्यास कशाला?"

ताईला प्रश्नच कळला नाही. हे काय विचारणं झालं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"तशाच ठेवल्या असत्या तर लोक म्हणाले असते, बाबांचं चुकलं," ती म्हणाली. "बाबांची चूक काढलेली त्यांना आवडत नाही."

जीप गेली. गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती. सूनबाई खोलीतले पडदे काढायला लागल्या होत्या, आणि ही खोली हवेशीर आहे असं नवऱ्याला सांगत होत्या. पलंगावरची चादर अजून तशीच होती.

६

संध्याकाळी टेस्टर घरी आला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. तरी तिनं त्याच्याकडून सगळं पहिल्यापासून ऐकलं. घंटा, दिवा, लाइन. तिनं हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"सुटलास ना पण? लायसन्स मिळालं?"

"मिळालं."

"मग तोंड का असं?"

त्यानं पुढचंही सांगितलं. पिन, बटण, गिझर. ताई काय बोलली तेही. त्यांच्या लग्नाच्या वेळी ताई शाळेत होती, याच गल्लीतून दोन वेण्या घालून जायची, हे दोघांनाही आठवत होतं.

"घंटा कशी वाजली, एवढं सांगितलंस तेव्हाच लायसन्स हातात आलं होतं तुझ्या," ती म्हणाली. "बाई तर अपघात लिहून निघाल्या होत्या. मग पुढचं कशाला बोललास?"

जाताना ताईनं वळून त्याला 'येते, काका' म्हटलं होतं, रोज म्हणायची तसंच. ते त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हता.

"मला कळलं होतं ना," तो शेवटी म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. मग घड्या घातलेले कपडे उचलले आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.